वरचं कॅरेट

राजूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर कुलदीपची पिकअप कोकिळाला ओलांडून गेली आणि जाता जाता त्यानं हॉर्न वाजवला. वाजवायची काही गरज नव्हती. रस्ता मोकळा होता आणि कोकिळा आपली कड धरून पहिल्या गिअरात चालली होती. पण काही माणसांचं नुसतं पुढं जाऊन भागत नाही, मागच्याला ते कळावंही लागतं.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. दोन्ही धामणगाव बढ्याहून पहाटे भाजीपाला भरून निघायच्या आणि मोताळ्यावरून घाट चढून बुलढाण्याच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, पोचायच्या. कुलदीपची गाडी गावात आली ती कोकिळाच्या गाडीनंतर दोन वर्षांनी. पण दिवाळी झाली आणि त्यानं इंजिनाला चिप बसवून घेतली, आणि तेव्हापासून तो कानामागून आला आणि तिखट झाला. हर्रासाची रीत साधी होती. ज्याचा माल आधी उतरला, त्याची बोली आधी. पहिल्या अर्ध्या तासात व्यापारीही ताजा असतो आणि मेथीही ताजी असते, नंतर दोघंही मान टाकतात.

कोकिळा अडतीस वर्षांची. तीन वर्षांमागं तिच्या नवऱ्याच्या, इंद्रभानच्या, पाठीतली गादी सरकली आणि डॉक्टरनं त्याला स्टिअरिंग बंद केलं. ठेवलेला ड्रायव्हर दोन महिन्यांत पळाला. मग कोकिळानं लायसन काढलं आणि ती स्वतःच बसली. गाव म्हणालं, ही बाई आठ दिवसांत गाडी घाटात उलटी करणार. तिनं केली नाही. मग गावानं महिनाभर कौतुक केलं. पण कौतुकाचं आयुष्य थोडं असतं, ते संपलं की कामं सांगणं सुरू होतं. बुलढाण्याला रोज जाते म्हटल्यावर कुणाच्या गोळ्या आण, कुणाच्या पोराचा अर्ज कॉलेजात देऊन ये, कुणाचा कोर्टाचा कागद वकिलाकडं टाकून ये, हे सगळं गाडीसोबत तिच्या गळ्यात पडलं. तिनं कधी नाही म्हटलं नाही.

त्या दिवशी ती हर्रासाला आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा पोचली. संध्याकाळी भगवानराव घरी आले. हे इंद्रभानचे चुलते, विहिरीवर पंधरा एकर भाजीपाला करणारे. गाडीतला तिसरा हिस्सा माल त्यांचा असायचा, आणि ते जिथं माल टाकतील तिथं बाकीचेही टाकायचे. त्यांनी चहा घेतला नाही. कोकिळा समोर कप घेऊन उभी असताना ते इंद्रभानशी बोलत राहिले, जणू ती घरात नव्हतीच.

"गाडीले पिकअप राह्यलं नाही," ते म्हणाले. आमच्याकडं हा शब्द दोन कामं करतो. गाडीलाही पिकअप म्हणतात आणि तिच्या जोरालाही. "कुलदीपसारखी चिप बसवा. येत्या सोमवारी गाडी त्याच्या बरोबरीनं हर्रासाले पोचली पाह्यजे. नाहीतं मंग धाकट्या गोकुळले बसवा. स्टिअरिंगवर माणूस पाह्यजे."

आणि गोकुळला बसवलं नाही, तर त्यांचा माल मंगळवारपासून कुलदीपच्या गाडीत जाणार होता. तिसरा हिस्सा माल गेला की बाकीचा जाणारच, आणि अर्ध्या रिकाम्या गाडीत डिझेल घालून घाट कोण चढणार? म्हणजे गोष्ट सरळ होती. सोमवारपर्यंत गाडी चढली तर कोकिळा ड्रायव्हर, नाहीतर तिनं पुन्हा निंदणाला जायचं.

भगवानराव गेल्यावर तिनं त्यांचा कप मोरीत ओतला. चिपचं तिला काही वाटलं नव्हतं. तो 'माणूस' शब्द मात्र तिला लागला. तीन वर्षं ऊनपावसात घाट चढत होती, ती मग कोण होती?

गोकुळ म्हणजे तिचा धाकटा दीर. मनानं वाईट नव्हता. पण आपल्याला स्टिअरिंग मिळतंय म्हटल्यावर नको म्हणण्याइतका चांगलाही नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यानं मोबाइलवर दहा व्हिडिओ पाहून तिला चिपचं शास्त्र शिकवलं. गाडीचा जोर वाढवायच्या तऱ्हा दोन. एक म्हणजे कुलदीपनं बसवली ती डबी, खामगावात मिळते, साबणाच्या डबीएवढी. ती इंजिनाच्या वायरीत मध्येच बसते आणि इंजिनाला खोटं सांगते की डिझेल कमी येतंय. इंजिन बिचारं विश्वास ठेवतं आणि आणखी डिझेल ओततं. दुसरी तऱ्हा मलकापूरच्या राम मिस्त्रीची. तो डबीबिबी काही बसवत नाही. लॅपटॉपची वायर गाडीला जोडतो, इंजिनाच्या आतलं मूळ गणित वाचतो आणि ते नव्यानं लिहून देतो. याला रिमॅप म्हणतात. गोकुळचं मन डबीकडं होतं, कारण कुलदीपची तीच होती.

कोकिळा म्हणाली, दोन्ही आणा. दोन्ही लावून पाहू आणि मग ठरवू.

गोकुळ हसायला लागला. "वयनी, साडी हाये का ते, अंगावर टाकून पाहाले?"

"साडी पाहून घेतो आपण," ती म्हणाली, "अन् जिच्यात बसून घाट चढाचा ते आंधळ्यासारखं घेऊ?"

डबीवाल्यानं दोन दिवस वापरून पाहायला डबी दिली. राम मिस्त्रीनं फोनवर सांगितलं की जुनं गणित जपून ठेवतो, चार दिवसांत आवडलं नाही तर होतं तसं करून देतो. तुलनेचे नियम कोकिळानं केले. घाटाच्या पायथ्याच्या पुलापासून माथ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत किती मिनिटं लागतात ते मोजायचं. इंजिनाच्या गरमीचा काटा कुठवर जातो ते पाहायचं. आणि सायलेन्सरच्या मागं सळईला जुन्या बनियनचा पांढरा तुकडा बांधायचा, म्हणजे धूर किती ते वर पोचल्यावर आपोआप कळेल. घड्याळ धरायला कुणीतरी हवं होतं. इंद्रभान म्हणाला, मी येतो.

तीन वर्षांत तो त्या गाडीत बसला नव्हता. पाठीला पट्टा आवळून, उशी घेऊन तो शेजारच्या सीटवर बसला आणि आपण प्रवासी झालो हे पचवायला त्याला मोताळ्यापर्यंतचा रस्ता लागला. तिथं त्यानं गाडी धर्मकाट्यावर घ्यायला लावली. वजनच सारखं नसलं तर तुलना कशाची करायची, असं त्याचं म्हणणं. कोकिळाला ते पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं आणि नवऱ्याचं कौतुकही.

पहिल्या दिवशी गाडी जशी होती तशीच नेली. काट्यावर माल भरला सोळाशे ऐंशी किलो. घाटाला सतरा मिनिटं लागली. दोन वळणांवर पहिला गिअर, गरमीचा काटा मधोमध, बनियन मळकट.

दुसऱ्या दिवशी डबी. घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. वजन जवळपास तेवढंच, सोळाशे नव्वद. आणि गाडी अशी उठली की कोकिळानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. तेरा मिनिटांत टपरी. मागं एसटी होती, तिचा ड्रायव्हर वर आल्यावर थांबला आणि खिडकीतून मान काढून म्हणाला की बाई, माझी अख्खी गाडी तुमच्या धुरानं आंधळी झाली होती. बनियन चुलीतून काढल्यासारखा काळा. गरमीचा काटा लाल रेघेला टेकलेला. डिझेल रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त. इंद्रभाननं बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. हे इंजिन वर्षभर टिकणार नाही, तो म्हणाला. तो तेवढं जाणत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी राम मिस्त्रीकडं. चाळिशीचा, अबोल माणूस. अर्धा तास लॅपटॉपकडं बघत राहिला, मग बोटं पुसली आणि जा म्हणाला. परत येतानाच कोकिळाला फरक कळला. डबीसारखी गाडी उसळत नव्हती, पण पाय नुसता ठेवला तरी खालून ताकद येत होती, आणि आवाज गुळगुळीत. तिला मनापासून आनंद झाला. घरी येऊन तिनं पोळ्या करताना गोकुळला सांगितलं की आपलं काम झालं, हीच घ्यायची.

गोकुळनं चांगल्या मनानं ते गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. आपल्या गाडीला लॅपटॉपची चिप बसली, आता कुलदीपनं बाजूला व्हावं. वर तीन हसरे चेहरे.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कोकिळाची गाडी भाड्यानं न्यायची साठ कॅरेट. कॅरेट म्हणजे भाजीचे प्लास्टिकचे खोके, भरलेला एक वीस किलोचा. पण साठ भरून झाले की जो तो आणखी एखादं हळूच चढवायचा. त्याला म्हणायचे 'वरचं'. वरच्याला भाडं नाही. कारण गाडी घरची. कोकिळा कुणाची सून, कुणाची भावजय, कुणाची चुलती. "एक वरचं टाकून राह्यलो वो वयनी," असं म्हणायचं की झालं. कुलदीपला कुणी असं म्हणत नसे. तो फाळक्यापाशी पेन घेऊन उभा राहायचा आणि एकसष्टावं कॅरेट दिसलं की ते खाली ठेवायचा, मग ते त्याच्या सख्ख्या मावशीचं का असेना. गाव त्याला कवडीचुंबक म्हणायचं आणि त्याच्या गाडीला पिकअप आहे असंही म्हणायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे एसटी स्टँडमागच्या पटांगणात गाडी भरताना सगळे फार खुशीत होते. आता काय वयनी, चिप बसली, आता विमान झालं, असं म्हणत म्हणत हौदा भरत गेला. कोकिळा तेव्हा मेथीवाल्या सत्यभामाबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं नाव लिहून घेत होती. मोताळ्याला काट्यावर गर्दी होती, उशीर झाला होता. पावती घेऊन इंद्रभाननं खिशात कोंबली आणि ते निघाले.

घाटाला सतरा मिनिटं लागली.

टपरीपाशी दोघं गाडीतच बसून राहिले. पांढरा तुकडा जवळपास पांढरा होता, काटा मध्यावर होता, सगळं बरोबर होतं, आणि मिनिटं मात्र चिप नसतानाची. दोन वळणांवर पुन्हा पहिला गिअर लागला होता. कोकिळाला रडू फुटेल असं वाटलं. राम मिस्त्रीनं फसवलं असेल का, असंही मनात आलं. मग इंद्रभाननं खिशातली पावती काढून सरळ केली आणि तिच्यासमोर धरली.

माल दोन हजार किलो.

म्हणजे शंभर कॅरेट. साठ भाड्याचे आणि चाळीस वरचे. पहिल्या दिवशीचे सोळाशे ऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशी. तेव्हाही वरचे चोवीस होतेच, पण ते रोजचेच, म्हणून ते कधी कुणी मोजले नव्हते. वरचं एकेक येतं. एकेकाचं ओझं कुणाला दिसत नाही. गाडीला जोर आला असं कळल्यावर एका रात्रीत त्यात सोळाची भर पडली होती. राम मिस्त्रीनं इंजिनात घातलेली ताकद गावानं घाटाच्या पायथ्याशी पोचायच्या आधीच खाऊन टाकली होती.

कोकिळा खाली उतरली आणि हौद्याकडं बघत उभी राहिली. गाडी मागून खाली बसली होती, चाकं आत घुसली होती. तिला राग आला. तिला वाटलं होतं तो गावाचा येईल. पण तो आधी स्वतःचा आला. भीड भिकेची बहीण म्हणतात. तीन वर्षं ही बहीण तिनं शेजारच्या सीटवर बसवून नेली होती, आणि वर गाडी चढत नाही म्हणून शिव्याही खाल्ल्या होत्या.

"उद्या याच्यात दोन इंजिनं बसवली," ती इंद्रभानला म्हणाली, "तं हे दोनशे कॅरेट टाकतीन. अन् मंग म्हणतीन, बाईच्या हातात गाडी चढत नाही."

इंद्रभाननं पावतीची घडी करून तिच्या हातात दिली.

संध्याकाळी गोकुळ म्हणाला की लॅपटॉपवाला बोगस, डबीच घ्या. भगवानरावांचाही निरोप आला की ऐकलं, सतरा मिनिटं लागली, आता सोमवार आहेच. कोकिळानं कुणाला काही समजावून सांगितलं नाही. शनिवारी ती मलकापूरला गेली आणि राम मिस्त्रीला म्हणाली, माझं जुनं गणित परत घाल. तो बुचकळ्यात पडला. माझ्या कामात काही चुकलं का, असं त्यानं दोनदा विचारलं. तुझं काही चुकलं नाही, ती म्हणाली, माझं चुकलं. त्यानं परत घातलं.

सोमवारी पहाटे साडेपाचला पटांगणात गाडी भरायला लागली. भगवानराव स्वतः आले होते, निकाल बघायला. गोकुळनं नवा शर्ट घातला होता, आणि तो का घातला हे सगळ्यांना माहीत होतं. इंद्रभान पट्टा बांधून कडेला उभा. हमालानं यादीप्रमाणं साठ कॅरेट लावले, आणि मग नेहमीसारखी वरच्यांची रांग सुरू झाली. कोकिळानं ती होऊ दिली. सव्वीस चढल्यावर ती चाकावर पाय ठेवून हौद्यात चढली, आणि वरची उतरवायला लागली.

पहिली दोन उतरवली ती तिच्या स्वतःच्या घरच्या मिरचीची. गोकुळनं ठेवलेली. तो म्हणाला, वयनी, हे आपले हायेत. ती म्हणाली, म्हणूनच आधी काढले. तिसरं होतं सत्यभामाबाईंचं. साठी उलटलेली एकटी बाई, पाऊण एकरात मेथी करायची. कोकिळाच्या बाळंतपणात तिनं दोन महिने येऊन शेक दिला होता. ते कॅरेट उचलताना कोकिळाचे हात जड झाले, खोटं कशाला बोला. पण तिनं ते खाली ठेवलं. सत्यभामाबाई त्या कॅरेटशेजारी मातीत बसल्या. मग एकामागून एक. शेवटची सात भगवानरावांची होती.

पहिलं खाली ठेवलं तेव्हा ते पुढं आले. "हे काय चालू हाये?"

"मामाजी," ती चुलत सासऱ्यांना म्हणाली, "साठ कॅरेटची गाडी हाये. साठच जातीन."

"कुलदीपच्या गाडीत टाकीन मी. सगळा माल. भाड्याचा बी."

"टाका. तो वरचं घेत नाही. त्याले विचारून पाहा."

भगवानराव मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अवं कोकिळा, तो परका हाये. तू तं घरची हायेस."

घरची. तीन वर्षं हा शब्द ऐकून ती विरघळत आली होती. आज तो ऐकून तिचं डोकं फिरलं. बोलता बोलता ती शेवटच्या कॅरेटापर्यंत आली होती. ते सातवं तिनं खाली उतरून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि सरळ उभी राहिली.

"घरची म्हणून तं चढून राह्यली नव्हती गाडी, मामाजी. घरचीवर किती बी टाका, मोजाचं कोणी? अन् ते दमली, तं म्हणाचं, माणूस बसवा. मीच हाओ तो माणूस. तीन वर्षांपासून मीच हाओ."

भगवानरावांचा चेहरा काळवंडला. गावासमोर सुनेनं तोंड वर करून बोलावं, हे त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. हात लांब करून हमालाला आपले भाड्याचेही वीस उतरवायला सांगितले आणि मग म्हणाले, "गोकुळ, घे रे चावी."

गोकुळ पुढं आला. त्यानं हात पसरला. कोकिळानं मुठीत चावी आवळली. तिला माहीत होतं की गाडीच्या कागदावर नाव इंद्रभानचं आहे, आणि हे तिथं उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे इंद्रभानकडं बघायला लागले. तो आयुष्यात कधी चुलत्याच्या शब्दापुढं गेला नव्हता.

इंद्रभान पाठीला हात लावत गाडीपर्यंत चालत आला. ड्रायव्हरच्या दारापाशी एक पळ थांबला, आणि समोरून वळसा घालून पलीकडच्या, शेजारच्या सीटवर चढून बसला. पट्टा सारखा केला. दार ओढून घेतलं.

"चाल," तो कोकिळाला म्हणाला. "उशीर होऊन राह्यला."

तेवढ्यात सत्यभामाबाई उठल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "आता वीस कॅरेटची जागा झाली ना? माहं मोजून घे. पण घे." त्यांनी कमरेच्या पिशवीतून भाडं काढलं. घेताना कोकिळाला लाज वाटली, पण तिनं ते घेतलं. लाज वाटते म्हणून घ्यायचं नाही, तर पुन्हा तिथंच येऊन थांबायचं. मग आणखी काहीजण पुढं आले, कुणी हसत, कुणी पुटपुटत. गाडी निघाली तेव्हा हौद्यात त्रेपन्न कॅरेट होते, सगळे मोजलेले. गोकुळ पटांगणात उभा होता, आणि पसरलेल्या हाताचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

त्या दिवशी चिप नव्हती, डबी नव्हती, काही नव्हतं. गाडी तेरा मिनिटांत घाट चढून गेली. पहिला गिअर एकदाही लागला नाही. इंद्रभान प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, साठ असते तं चौदा लागले असते. कोकिळा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. हर्रासात त्यांचा माल पहिला उतरला. कुलदीप पंचवीस मिनिटांनी आला, कारण भगवानरावांनी सात वरच्यांसाठी त्याच्याशी पटांगणात हुज्जत घातली होती, आणि त्यानं ती सातही तिथंच ठेवली होती.

भगवानरावांचा माल चार दिवस कुलदीपच्या गाडीत गेला. पाचव्या दिवशी त्यांचा गडी वीस कॅरेट घेऊन कोकिळाच्या गाडीपाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, मालकानं मोजून द्यायला सांगितलंय. मालक स्वतः आले नाहीत. रस्त्यात भेटले तरी ते अजून तिच्याशी बोलत नाहीत. मध्येच कुणी वरचं ठेवून पाहतं, ती ते उतरवते. गाव आता तिलाही कवडीचुंबक म्हणतं. गोकुळ म्हणतो, वयनीची जीभ लांब झाली. म्हणू दे. स्टिअरिंग तिच्या हातात आहे.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा मलकापूरला राम मिस्त्रीकडं गेली आणि गाडी त्याच्या दारात लावली. तेच नवं गणित पुन्हा घालून दे म्हणाली. हा अबोल माणूस यावेळी मात्र बोलला. त्याच्या कानावर सगळी हकीकत गेली होती.

"ताई, गाडी तं आता तशीच चढते," तो म्हणाला. "मंग आता ताकद कशाले वाढवता?"

"वाढव भाऊ," कोकिळा म्हणाली. "साठ कॅरेटच्या वर जे ताकद उरंल ना, ते माही."